आधी सनद की आधी कमिशन?

प्रश्न दारव्हा तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचा आहे. लॉचं शेवटचं वर्ष, घरी कोरडवाहू शेती, आजोबा महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त. तिला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. वकील आणि सैन्यातली अधिकारी असं दोन्ही होता येतं का? सैन्यात वकील नेमकं करतो काय? आणि दहा-बारा वर्षांनी परत येऊन तालुका कोर्टात उभं राहता येतं का? मी जॅग ब्रँचमध्ये, म्हणजे सैन्याच्या कायदा विभागात, शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर (ठरावीक वर्षांपुरत्या अधिकारीपदावर) होतो, मेजर म्हणून बाहेर पडलो आणि आता अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वकिली करतो. उत्तर जरा लांबेल.

दोन्ही होता येतं, पण एका वेळी एकच. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ४९ सांगतो की पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवायची आणि तसं आपल्या राज्याच्या बार कौन्सिलला कळवायचं. नाव पटावरून जात नाही. नोकरी आहे तोवर प्रॅक्टिस बंद, नोकरी सुटली की अर्ज करून पुन्हा सुरू. जॅगच्या जाहिरातीत उमेदवार नोंदणीस पात्र असावा एवढंच म्हटलेलं असतं, त्यामुळे बरीच मुलं सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, न घेताच निघून जातात. माझं मत वेगळं आहे. निकाल लागला की आधी सनद काढा, जमल्यास ऑल इंडिया बार एक्झामही उरकून टाका, मग खुशाल प्रशिक्षणासाठी चेन्नईची गाडी पकडा. दहा वर्षांनी कॉलेजात जाऊन जुने दाखले गोळा करणं म्हणजे काय, हे ज्याला करावं लागलं त्यालाच विचारा. आणि आता पैशाचीही अडचण राहिलेली नाही. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये नोंदणी शुल्क कायद्यात आहे तेवढंच घ्यायला लावलं: सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. त्याआधी राज्याराज्यांत हजारोंनी घेत होते.

आपल्याकडे वकिलांची परंपरा मोठी, सैनिकांचीही मोठी, पण दोन्ही एका घरात क्वचितच भेटतात. अमरावतीने दादासाहेब खापर्डे आणि पंजाबराव देशमुख दिले, ते कोर्टातून राजकारणात गेले. बाबासाहेबांच्या आयुष्यात मात्र दोन्ही धागे आहेत. वडील रामजी सुभेदार. आणि स्वतः बाबासाहेब १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या फौजेत लेफ्टनंट म्हणून रुजू झाले होते. वडिलांच्या आजारपणामुळे ते थोड्याच दिवसांत परतले, आणि बॅरिस्टर झाले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी. तुमच्या आजोबांना हे ठाऊक असेल. नसलं तर सांगा, त्यांना बरं वाटेल.

आता मुख्य गोष्टीवर येतो, कारण इथेच पोरांचा सगळ्यात जास्त घोळ होतो. त्यांना वाटतं, जॅग म्हणजे वर्दी घालून कोर्टात गरजायचं. तसं काही नसतं. जॅग, म्हणजे जज ॲडव्होकेट जनरलच्या विभागातला अधिकारी, कोणा एकाचा वकील नसतो. त्याला पक्षकार नसतो, वकालतनामा नसतो, फी तर नसतेच. तो सल्ला देतो. कमांडरला देतो, कोर्ट मार्शलला, म्हणजे लष्करी न्यायालयाला देतो, हायकोर्टात सरकारची बाजू मांडणाऱ्या वकिलाला फाइल समजावून देतो. वकिली म्हणजे बाजू घेणं, हे कॉलेजात मनावर बिंबलेलं असतं. फौजेत गेल्यावर ते विसरायला लागतं, आणि परत आल्यावर पुन्हा शिकायला लागतं. या आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट कोणती असं कोणी विचारलं तर मी हेच सांगतो. पहाटेची पीटी नाही आणि सियाचीनही नाही.

जनरल कोर्ट मार्शलचं दृश्य सांगतो, म्हणजे लक्षात येईल. आर्मी ॲक्ट १९५० प्रमाणे कमीत कमी पाच अधिकारी बसतात, प्रत्येकाचं कमिशन निदान तीन वर्षांचं झालेलं. त्यांच्यापैकी बहुतेकांनी कायद्याचं पुस्तक उघडलेलं नसतं. कोणी रणगाड्यांचा, कोणी तोफखान्याचा, कोणी सप्लायवाला. आरोपीला आत आणतात तेव्हा डोक्यावर टोपी नसते, कमरेला बेल्ट नसतो. सरकारी बाजू मांडायला एक जण, आरोपीच्या बाजूने एक बचाव अधिकारी किंवा त्याने स्वतःच्या खर्चाने आणलेला बाहेरचा वकील. आणि बाजूच्या खुर्चीवर जज ॲडव्होकेट. पुरावा घ्यावा की नाही, प्रश्न विचारू द्यावा की नाही, कबुलीजबाब चालतो की नाही, हे तो सांगतो. शेवटी सगळा पुरावा आणि कायदा दोन्ही बाजूंनी समजावून देतो. मग दार बंद होतं. तो आतच असतो, पण त्याला मत नसतं. मतं घेतली जातात ती सगळ्यात कनिष्ठ अधिकाऱ्यापासून. कर्नलसाहेब काय म्हणाले ते ऐकून कॅप्टनने मान डोलावू नये, एवढ्यासाठी. मला ही रीत फार आवडायची. आपल्या ग्रामसभेत अशी रीत असती तर सरपंचाच्या आधी गणपा बोलला असता.

बंद दारामागे आपल्याला दिसत असतं की निर्णय कुठे चाललाय, आणि आपल्याला फक्त कायदा सांगायचा असतो. आपल्या मनाचा कौल चेहऱ्यावरसुद्धा येऊ द्यायचा नाही. त्यासाठी लागणारा संयम कोणत्याही लॉ कॉलेजात शिकवत नाहीत.

पण कोर्ट मार्शल रोज होत नाही. रोजचं काम कागदाचं. एखाद्या युनिटमधून फाइल येते, स्टोअरमध्ये सामान कमी भरलं, अमुक नायक हुद्द्याच्या जवानावर चार्ज लावायचा आहे. आपण पाहायचं: कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे खात्याची प्राथमिक चौकशी, झाली का? त्यात या माणसाच्या चारित्र्यावर शिंतोडा येत होता, तर आर्मी रूल १८० प्रमाणे त्याला सगळा वेळ हजर राहू दिलं का, साक्षीदारांना प्रश्न विचारू दिले का? रूल २२ खाली कमांडिंग ऑफिसरसमोर चार्जची सुनावणी झाली का, की नुसत्या सह्या घेतल्या? आर्मी ॲक्टच्या कलम १२२ मधली तीन वर्षांची मुदत उलटून तर गेली नाही ना? यातलं एखादं जरी चुकलं असेल तर आपल्याला लिहावं लागतं: सध्याच्या स्वरूपात चार्ज टिकणार नाही. समोरचा ब्रिगेडियर आपल्यापेक्षा कितीतरी वरिष्ठ. त्याला हे वाक्य आवडत नाही. तो सल्ला डावलूही शकतो, कारण निर्णय त्याचा. पण फाइलवर ते वाक्य राहतं, आणि पुढे सैनिकांच्या ट्रिब्युनलमध्ये नेमकं तेच वाक्य कोणीतरी शोधत येतं. मी जॅगमध्ये जे काही चांगलं काम केलं असेल ते बहुतेक या एका वाक्याच्या रूपातच केलं.

आता आत जायचं कसं. बहुतेक गोष्टी जाहिरातीत मिळतील, म्हणून जिथे आपल्याकडची मुलं अडखळतात तेवढंच सांगतो. एलएलबीला किमान ५५ टक्के हवेत, वय २१ ते २७, अविवाहित. ताई, घरून लग्नाचा धोशा सुरू झाला असेल तर हे शेवटचं आजच सांगून टाका. लेखी परीक्षा नाही, पण क्लॅट पीजीचा, म्हणजे एलएलएमच्या प्रवेश परीक्षेचा, स्कोअर सक्तीचा केलाय, आणि ती परीक्षा साधारण डिसेंबरात असते. जॅगची जाहिरात बघून जागे होणाऱ्यांची त्या वर्षाची क्लॅट तोवर होऊन गेलेली असते. तीन वर्षांचा एलएलबी करणाऱ्यांचं शिक्षण संपेपर्यंत वय चोविशीत गेलेलं असतं, म्हणजे हाताशी फार संधी उरत नाहीत. त्यानंतर पाच दिवसांची एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची चाचणी आणि मुलाखत. आपल्याला भोपाळ सोयीचं, पण केंद्र कोणतंही येऊ शकतं. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, विचार मोडका असला तर चालत नाही. मराठी माध्यमाची मुलं उगाच घाबरतात; तिथे उच्चार तपासत नाहीत, गटात भांडण लागल्यावर तुम्ही काय करता ते बघतात. आणि दुष्काळी गावात वाढलेल्या मुलीला ‘साधनं कमी, माणसं जास्त’ या विषयावर शिकवण्यासारखं फारसं काही नसतं.

मुलींसाठी जागा कमी ठेवत असत. एका तुकडीच्या नऊ जागांपैकी सहा पुरुषांना आणि तीन महिलांना, असं वाटप होतं. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२५ मध्ये ते घटनाबाह्य ठरवलं आणि पुरुष-महिला एकच गुणवत्ता यादी लावायला सांगितली. महिलांना कायम कमिशन मिळायला सुरुवात झाली तीही २००८ मध्ये, याच जॅग आणि शिक्षण विभागातून. त्यामुळे तुम्ही या रस्त्यावर पहिल्या नाही.

निवड झाली की चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग ॲकॅडमीत ४९ आठवडे. तिथे वकील म्हणून सूट नाही. पाठीवर पॅक, हातात रायफल, बाकीच्यांच्या बरोबरीने धावायचं. त्यानंतर कायद्याचं शिक्षण कुठे होतं माहीत आहे? कामठीला. सैन्याची इन्स्टिट्यूट ऑफ मिलिटरी लॉ आपल्या नागपूरच्या उशाशी आहे, आणि विदर्भातल्या निम्म्या वकिलांना त्याचा पत्ता नाही. कामठी म्हटलं की लोकांना गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आठवतं, फार तर एनसीसीची ॲकॅडमी.

पगाराबद्दल कोणी उघड विचारत नाही, पण मनात असतंच. लेफ्टनंटचं मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून, वर १५,५०० मिलिटरी सर्व्हिस पे आणि भत्ते. तालुका कोर्टात ज्युनिअरला पहिली दोन-तीन वर्षं चहा आणि एसटीचं भाडं सुटलं तरी पुष्कळ. शेतकऱ्याच्या घरात हा फरक लहान नाही. शॉर्ट सर्व्हिस दहा वर्षांची, पुढे चार वर्षं वाढवता येते. पण पेन्शन नाही, हेही त्याच कागदावर लिहून ठेवा.

परत आल्यावर काय? कोट तोच, पण कोर्ट वेगळं. इथे पक्षकार समोर बसतो आणि म्हणतो, “मेजरसाहेब, तुम्ही कायद्याचं नका सांगू, आपल्या बाजूनं काय बोलणार ते सांगा.” तटस्थ मत लिहायची सवय लागलेली असते, केसमधला कमकुवत दुवा आपणच आधी बोलून दाखवतो आणि पक्षकार उठून शेजारच्या टेबलावर जातो. त्यात मराठीतले अर्ज, पुरसीस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन), तहसीलची भाषा. शिवाय १ जुलै २०२४ पासून दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा कायदा तिन्ही बदलले. कलमांचे नंबर जुन्यांनाही नव्याने पाठ करावे लागले, त्यामुळे उशिरा येणाऱ्याची लाज थोडी वाचली. आणि बार रूममध्ये रँक चालत नाही. तिथे मेजर हे टोपणनाव होतं, पद नाही. जे हे मनाला लावून घेतात ते वर्षभरात नागपूरला किंवा एखाद्या कंपनीत निघून जातात.

पण खेड्यात असा वकील लागतो, फार लागतो. कारण विदर्भातल्या गावागावांतून पोरं भरती होतात आणि त्यांचे कागद वाचणारा माणूस तालुक्यात नसतो.

नेहमीचं प्रकरण सांगतो. पोरगा सुट्टीवर येतो. कापूस वेचायला मजूर मिळत नाही, बाप आजारी, सुट्टी संपते, पोरगा राहून जातो. फोन बंद करून ठेवतो, कारण सुभेदारसाहेब ओरडतील. आर्मी ॲक्टच्या कलम ३९ खाली सुट्टी उलटून राहणं हा गुन्हा आहेच. युनिट पोलिसांना त्याला पकडून देण्याबद्दल लिहितं, तो कागद ठाण्यातून पोलीस पाटलाकडे येतो, आणि गावभर होतं की अमक्याचा पोरगा भगोडा आहे. तीस दिवस उलटले की कलम १०६ खाली कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते आणि गैरहजेरीची रीतसर नोंद होते. मग बाप माझ्याकडे येतो. “साहेब, जामीन करा.” अरे बाबा, जामिनाचं नाही हे प्रकरण. पोराला आज रात्रीच्या गाडीत बसव. स्वतः हजर झाला तर विषय सुट्टी उलटल्याचा राहायला जागा असते. पकडून नेला तर पळून जाण्याचा हेतू होता असं म्हणायला समोरच्याला आधार मिळतो, आणि कलम ३८ ची शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. ॲक्टिव्ह सर्व्हिसवर, म्हणजे मोहिमेवर, असताना तर त्याहून भयंकर. आजारी असेल तर गावच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट खिशात ठेवून बसायचं नाही. युनिटला त्याच दिवशी कळवायचं आणि झेपत असेल तर कामठीच्या मिलिटरी हॉस्पिटलात दाखल व्हायचं. हा सल्ला फुकटातला आहे, पण वेळेत मिळाला तर पोराची नोकरी वाचते. गैरहजेरीचे दिवस पगारातूनही जातात आणि सेवेतूनही, आणि जवानाला पेन्शनसाठी पंधरा वर्षं भरावी लागतात.

दुसरं, लाल शाईच्या नोंदी. शिक्षा झाली की सर्व्हिसच्या कागदावर लाल शाईने नोंद होते. अशा चार झाल्या की माणसाला ‘सेवेसाठी नको’ म्हणून घरी पाठवायची रीत पडून गेली होती, मग त्याची बारा वर्षं भरलेली असोत की चौदा. सुप्रीम कोर्टाने वीरेंद्रकुमार दुबे प्रकरणात २०१५ मध्ये सांगितलं की नुसत्या चार नोंदी मोजून चालणार नाही. आधी चौकशी करा, नोंदी कशाबद्दलच्या आहेत, सेवा किती झाली, खडतर भागात किती काढली, हे सगळं बघा. माझ्याकडे असे लोक येतात तेव्हा बऱ्याचदा पुष्कळ वर्षं उलटलेली असतात. कोणीतरी त्यांना सांगितलेलं असतं, फौजेविरुद्ध केस होत नाही. होते. २००७ च्या कायद्याने आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल आलं. महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ मुंबईला. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत, उशीर माफ होऊ शकतो पण कारण द्यावं लागतं. ट्रिब्युनलच्या निकालानंतरही रिटमध्ये हायकोर्टाचं दार बंद नसतं, हे सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. फक्त वरूडच्या माणसाने मुंबईला किती फेऱ्या माराव्यात, याचं उत्तर कायद्यात नाही.

तिसरं म्हणजे अपंगत्व पेन्शन. भरतीच्या वेळी जवान धडधाकट होता, कागदावर कोणताही आजार नोंदलेला नव्हता, आणि सेवेत असताना आजार लागला, तर तो सेवेमुळेच लागला असं धरून चाला. तसं नसेल तर सरकारने कारण दाखवावं. सुप्रीम कोर्टाचं धरमवीरसिंह प्रकरण, २०१३. टक्केवारी पन्नासच्या आत असेल तर ती पन्नास धरायची, हे रामअवतार प्रकरणाने २०१४ मध्ये पक्कं केलं. २०२३ मध्ये सरकारने नवे नियम आणले आहेत, त्यामुळे कोण कधी बाहेर पडला ते आधी बघावं लागतं. आणि थकबाकी साधारणपणे अर्जाच्या आधीच्या तीनच वर्षांची मिळते, म्हणून ‘बघू पुढच्या हंगामात’ म्हणणाऱ्याचं नुकसान दर महिन्याला होत असतं.

पण कागदाची खरी गंमत नावात असते. एक विधवा बाई आली होती. पिशवीत डिस्चार्ज बुक, आधार, सातबारा, मृत्यूचा दाखला, सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. नवऱ्याचं आडनाव सातबाऱ्यावर वाघमारे, डिस्चार्ज बुकात बाघमारे, कारण लिहिणारा कारकून हिंदी भाषिक. तिचं स्वतःचं नाव सासरी बदललेलं. फौजेच्या कागदावर माहेरचं. जन्मतारीख तीन ठिकाणी तीन. पेन्शन अडकलेली. यात कायद्याचा प्रश्न एकही नव्हता. सरपंचाचा दाखला, शपथपत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं पत्र, रेकॉर्ड ऑफिसला अर्ज, आणि पुन्हा पुन्हा पाठपुरावा. फौजेत लग्न, मूल, पत्ता या सगळ्याची नोंद पार्ट टू ऑर्डरने होते. ती नोंद जवान नोकरीत असताना झाली तर एक अर्ज पुरतो. तो गेल्यावर बायकोला सगळी कचेरी पालथी घालावी लागते. मी गावात कोणाच्या घरी लग्नाला गेलो आणि नवरदेव फौजी असला, तर आहेराबरोबर हे सांगून येतो. लोक हसतात.

जमिनीचं तर विचारूच नका. भाऊ फौजेत, घरी वाटणी होते, फेरफार मंजूर होतो, आणि सुट्टीवर आलेल्याला कळतं की सातबाऱ्यावर आपलं नाव नाही. किंवा शेजाऱ्याने धुरा (बांध) कोरला, पांधण (शेतरस्ता) अडवली. दहा दिवसांच्या सुट्टीत तारीख मिळते दोन महिन्यांनंतरची. इथे आर्मी ॲक्टचं कलम ३२ कामाला येतं. केस चालवण्यासाठी सुट्टी दिल्याचं प्रमाणपत्र अधिकाऱ्याने दिलं, तर कोर्टाने शक्यतो त्या सुट्टीच्या मुदतीतच सुनावणी आणि निकाल करायचा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २८ प्रमाणे सुट्टी न मिळणारा सैनिक कमांडिंग ऑफिसरसमोर लेखी अधिकार देऊन बापाला किंवा भावाला आपल्या वतीने दावा लढवायला लावू शकतो. आणि १९२५ चा इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट अजून जिवंत आहे: युद्धपरिस्थितीसारख्या विशेष परिस्थितीत तैनात सैनिकाची केस त्याच्यामागे चालू नये, एकतर्फी हुकूम झाला असेल तर तो रद्द करता यावा, मुदतीतून तो काळ वगळावा, अशा तरतुदी त्यात आहेत. कोर्टात हा कायदा दाखवला की समोरचे वकील आधी त्याची प्रत मागतात. प्रत मी बॅगेतच ठेवतो.

यात वाईट बाजूही आहे, ती सांगायला हवी. सैनिकाची केस म्हणजे फी मागायला जीभ रेटत नाही. आणि धुऱ्यावरून हाणामारी करणारा जवान मीही पाहिलाय, जो वर्दीचा फोटो दाखवून ठाणेदाराला दटावतो. गावात गुन्हा केला तर पोलीस गुन्हा नोंदवतातच, आणि युनिटलाही कळतं. तिथे माझ्या मेजरपणाचा त्याला काही उपयोग नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगतो.

न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर आत्ताच हिशेब करा. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या परीक्षेसाठी तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा घातली. सनद थांबवून जॅगमध्ये काढलेली वर्षं ही वकिली नव्हे, असंच मी धरून चालेन. म्हणजे परत येऊन तीन वर्षं आणि तोवर वयाची मर्यादा डोक्यावर. कॉलेज सुटल्यावर आधी तीन वर्षं वकिली करून मग जॅगला जावं, तर इकडे सत्तावीसचं वय आडवं येतं. दोन्ही दगडांवर पाय ठेवायला जागा फार अरुंद आहे. पाच वर्षांचा कोर्स वेळेत संपवणाऱ्यालाच थोडीफार मिळते.

आणि ज्यांना सनद थांबवायचीच नाही, त्यांच्यासाठी टेरिटोरियल आर्मी आहे. ही फौज १९४८ च्या कायद्याने आली आणि मुळातच पोटापाण्याचा स्वतंत्र उद्योग असलेल्यांसाठी आहे. वय १८ ते ४२, पदवी हवी, परीक्षा आणि एसएसबी दोन्ही. वर्षातून साधारण दोन महिने प्रशिक्षण, गरज पडली तर बोलावणं. तिथे तुम्ही वकील म्हणून जात नाही, पायदळाचा अधिकारी म्हणून जाता, हे लक्षात ठेवा. लांबच्या मुदतीसाठी बोलावणं आलं तर बार कौन्सिलला पत्राने कळवून ठेवलेलं बरं. नागपुरात सीताबर्डीच्या किल्ल्यात अशी पलटण आहे, बहुतेकांना तो किल्ला वर्षातून मोजक्या दिवशीच उघडतो एवढंच माहीत असतं. तालुक्यातल्या चालत्या वकिलाला हा मार्ग जमण्यासारखा आहे. तारखा सांभाळायला एक भरवशाचा ज्युनिअर मात्र लागेल, कारण किल्ल्यातून पुरसीस देता येत नाही.